शेवट किती, हे विचारू नका : मराठवाड्यातल्या गेम-प्रकल्पांच्या परीक्षकांना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

अभियांत्रिकी, बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या अंतिम वर्षाला काही गट प्रकल्प म्हणून गेम करून आणतात. त्यातही कथागेम मुलांना परवडतो. वाचत जायचं, मधूनमधून पर्याय निवडायचा आणि निवडीप्रमाणे गोष्ट वळणार, एवढाच मामला. थ्रीडी मॉडेल लागत नाही, ग्राफिक कार्ड लागत नाही, साधनं फुकट मिळतात आणि गटात लिहिता हात असलेला एक जण असला की काम सुरू होतं. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, अशा प्रकल्पाच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक प्रश्न हमखास येतो : "शेवट किती आहेत?" एक गट चार सांगतो, दुसरा बारा सांगतो आणि बारा सांगणारा जास्त मेहनती वाटतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न चुकीचा आहे, आणि त्याला मार्क असल्यामुळे मुलं चुकीचा गेम बांधतात. शेवटांची संख्या मोजायला सोपी असते, म्हणून ती विचारली जाते. मोजायचंच असेल तर हे मोजा : खेळणाऱ्याने आधी जे केलं ते गेमला नंतर किती ठिकाणी आठवतं?

आधी गणित बघू, कारण मुलं इथेच फसतात. समजा, गेममध्ये दहा ठिकाणी निवड आहे, दर ठिकाणी दोनच पर्याय आहेत, आणि एकदा फुटलेली वाट पुन्हा जुळत नाही. शेवट होतात १,०२४. लिहायचे तुकडे, म्हणजे ट्विन या कथागेम बनवायच्या साधनाच्या भाषेत पॅसेज, होतात २,०४७. पॅसेज १२० शब्दांचा धरला तरी जवळपास २ लाख ४५ हजार शब्द लिहावे लागतात. खेळणाऱ्याला एका खेळीत त्यातले दिसतात ११ पॅसेज, म्हणजे १,३२० शब्द. चार जणांच्या गटाकडून एका सत्रात हे होणं शक्य नाही. मग गट वाटा मध्येच तोडतो : तिसऱ्या निवडीला साप चावून मृत्यू, चौथीला अपघात, पाचवीला "तुम्ही हरलात". शेवटांचा आकडा फुगतो आणि प्रत्येक शेवट दोन ओळींचा होतो. कालव्याला जितके फाटे तितकं शेपटाला पाणी कमी, हे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या शेवटच्या गावांना सांगावं लागत नाही.

या आकाराला नावही आहे. कथागेम लिहिणारे सॅम काबो अ‍ॅशवेल यांनी २०१५ मध्ये निवडीच्या गेमचे नेहमीचे आराखडे नावानिशी मांडले, त्यात न जुळणाऱ्या फांद्यांच्या आराखड्याला 'टाइम केव्ह' म्हटलं आहे. एडवर्ड पॅकर्ड यांच्या १९७९ च्या ज्या पुस्तकावरून हे नाव आलं, त्याला ४० शेवट होते. ते मुलांसाठीचं छोटं पुस्तक होतं, पुन्हापुन्हा उघडून वाचायचं, दर वाचन काही मिनिटांचं. तिथे तो आकार शोभतो. आपल्या प्रकल्पांत गंभीर विषय असतो, पात्रं असतात, आणि तरीही सांगाडा तोच उचलला जातो.

त्याच मांडणीत दुसरा आराखडा आहे, फुटून पुन्हा जुळणारा. दर निवडीनंतर दोन छोट्या वाटा, मग एक सामाईक जोड, मग पुढची निवड. दहा निवडींना लागतात ३१ पॅसेज, १२० शब्दांच्या हिशेबाने ३,७२० शब्द. एका खेळीत दिसतात २१ पॅसेज, २,५२० शब्द. म्हणजे लिहिणं सहासष्ट पटींनी कमी झालं आणि खेळणाऱ्याच्या पदरात मात्र जवळपास दुप्पट पडलं. सामाईक जोड दिसला की काही परीक्षक "मग निवडीला अर्थ काय राहिला?" असं विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर जोड काढून टाकण्यात नाही. जोडावर पोहोचल्यावर गेम आधीचं विसरत असेल तर ती निवड पोकळ. लक्षात ठेवत असेल तर जोड शंभर असले तरी बिघडत नाही. लक्षात ठेवायचं काम व्हेरिएबल, म्हणजे कोडमधले माहिती साठवायचे कप्पे, करतात.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ : सोयाबीनचा एक हंगाम, मृगापासून दिवाळीपर्यंत. पहिली मोठी निवड अशी की पहिला पाऊस पडला, आता पेरायचं की थांबायचं? कृषी विभागाचा सल्ला ठरलेला असतो : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हे खेळणाऱ्याला निवडीआधी कळायला हवं, पण पाटी लावून नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्या आबांनी ढेकूळ फोडून दाखवावं : "वरचं चार बोटं वलं झालंय, खाली कोरडंच हाय." दुसऱ्या बाजूने शेजाऱ्याची तिफण निघालेली असावी आणि ट्रॅक्टरवाल्याने सांगितलेलं असावं की उद्या नाही तर आठ दिवस मी मिळणार नाही. आता दोन्ही बाजूंना वजन आलं. सगळी कारणं एकाच बाजूला असली की निवड म्हणजे प्रश्नपत्रिका होते. कुठल्याच बाजूला काही नसलं की नाणेफेक. विद्यार्थ्यांच्या गेममधल्या फसलेल्या निवडी बहुतेक या दोन खड्ड्यांतच पडलेल्या असतात, त्यामुळे डेमोत पर्याय समोर आला की दोन्ही बाजूंची कारणं मुलांना तोंडी विचारून बघा.

मग परिणाम. तो तीन अंतरांवर यावा. लगेचचा परिणाम एका ओळीत भागतो : खेळणाऱ्याने पेरलं तर त्या संध्याकाळी आबा जेवताना बोलत नाहीत. मधला परिणाम पुढच्या पर्यायांत दिसावा. जुलैत पाऊस ओढ देतो. लवकर पेरलेल्याला दुबार पेरणीचा प्रसंग येतो आणि त्यात बियाणं उधारीवर आणायचं की त्या रानात तूर लावायची, हा नवा पेच. थांबलेल्याला हा प्रसंग येतच नाही. त्याची काढणी लांबते आणि परतीच्या पावसात सापडते. उशिराचा परिणाम ऑक्टोबरात : कापलेल्या सोयाबीनची बनीम, म्हणजे रचलेला ढीग, उघड्यावर आहे, आभाळ भरून आलंय, ताडपत्री घ्यायला पैसे उरलेत का? ते जूनमधल्या निर्णयावर ठरलेलं असतं, आणि खेळणाऱ्याला ते त्या क्षणी कळतं. निवडीला अर्थ येतो तो या उशिराच्या आठवणीतून.

एवढ्यासाठी व्हेरिएबल लागतात चार. पेरणी कधी केली, हातात रुपये किती, आबांचा विश्वास ० ते ३, आणि बियाण्याची उगवण चाचणी केली की नाही. चौथं मुद्दाम सांगतो, कारण तो ऐच्छिक प्रसंग आहे. घरचं बियाणं ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचं. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. खेळणाऱ्याने कोठीत जाऊन पोत्यावर टिचकी मारली तरच हा प्रसंग उघडतो. पुष्कळ जण मारणार नाहीत. त्यांचा प्रसंग हुकला. आता बांधणीची कसोटी अशी : हुकलेल्या प्रसंगाची सावली पुढे पडते का? विरळ उगवलेल्या पिकाच्या ओळींकडे बघत शेजारी म्हणाला, "गोणपाटात टाकून पाहिलं असतंस तर आधीच कळलं असतं," तर खेळणाऱ्याला आपण काय सोडलं ते समजतं. गेम त्यावर काहीच बोलला नाही, तर तो प्रसंग लिहिणाऱ्याच्या फाईलमध्ये पडून राहिला, गोष्टीत आलाच नाही.

आणखी एक. लवकर पेरणाऱ्याला नुसती शिक्षा नको. दुबार पेरणीत पैसे गेले तरी ट्रॅक्टरवाल्याशी त्याचे संबंध टिकले आहेत, आणि बनीम झाकायच्या रात्री तोच चार माणसं घेऊन येतो. सल्ला मोडणारा दर वेळी बुडतो असं दाखवलं की गेम जाहिरात होतो. पाऊस मात्र ठरलेलाच ठेवावा, असं आमचं मत आहे. रँडम ठेवला की मुलांना तो हुशारीचा वाटतो, पण खेळणारा परिणामाचं खापर नशिबावर फोडतो आणि निवडीचं वजन उतरतं.

आता राहून गेलेल्या मजकुराकडे येऊ. "आम्ही बघितला तो भाग फार छोटा होता, बाकीचं दाखवा," असं एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, म्हणतात आणि मुलगा भराभर मागे जाऊन सगळे पर्याय उघडून दाखवतो. मजकूर राहून जाणं हा दोष आहे, असं इथे गृहीत धरलेलं असतं. काही वेळा तो दोष असतोच. २००६ च्या 'फायनल फँटसी १२' मध्ये झोडिअ‍ॅक स्पिअर नावाचं अतिशय ताकदवान शस्त्र होतं. ते मिळायचं तर गेममधल्या चार विशिष्ट पेट्या उघडायच्या नाहीत, अशी अट होती. पेट्या दिसायला इतर पेट्यांसारख्याच. सावध करणारी खूण कुठेच नाही. गाईड न वाचणाऱ्याने पेटी दिसली की उघडली, आणि शस्त्राची ती वाट बंद झाल्याचं त्याला कळलंही नाही. ही निवड नव्हेच, कारण आपण काही निवडतो आहोत हे खेळणाऱ्याला माहीत नव्हतं.

याउलट २०११ चा 'द विचर २'. पहिल्या भागाच्या शेवटाकडे दोन माणसांपैकी कुणाची साथ द्यायची ते ठरवावं लागतं, आणि त्यावर दुसरा भाग कुठल्या छावणीत, कुठल्या लोकांत घडणार हे ठरतं. एका खेळीत गेमचा मोठा तुकडा दिसत नाही. तरी खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटत नाही, कारण फाटा फुटताना त्याला फाटा दिसतो, आणि जो भाग वाट्याला येतो तो स्वतःत पुरा असतो. एवढा मोठा फाटा मोठ्या स्टुडिओलाच झेपतो. आपल्या गटांनी असा एकही घेऊ नये.

त्यामुळे "किती राहून गेलं?" यापेक्षा दोन गोष्टी तपासा. खेळणाऱ्याला फाटा दिसला होता का? आणि जे राहिलं त्यावाचून गोष्ट समजते का? दुसरी गोष्ट तपासायला साधा तक्ता पुरतो. शेवट कळायला आवश्यक असलेल्या बाबी उभ्या लिहा : आबांवर कर्ज आहे, मोठ्या भावाने हिस्सा मागितलाय, विहीर सामाईक आहे. आडवे गेममधले प्रसंग. कुठली बाब कुठल्या प्रसंगात कळते तिथे खूण करा. एखाद्या बाबीची खूण फक्त ऐच्छिक प्रसंगात असेल तर गोष्ट तिथे फाटणार, हे नक्की. उपाय म्हणून अख्खा प्रसंग सक्तीचा करू नये. तीच बाब सामाईक जोडावर दुसऱ्या पात्राच्या तोंडी एका वाक्यात घालावी. मुलांकडे हा तक्ता नसेल तर व्हायवात पाच मिनिटं देऊन करून घ्या. भोकं तिथल्या तिथे दिसतात.

मजकूर हुकण्याची भीती खेळणाऱ्याला कशी बिघडवते हेही बघावं लागतं. तो दर निवडीआधी सेव्ह करतो, दोन्ही पर्याय वाचून येतो आणि बरा वाटेल तो ठेवतो. हे थांबवायला एकच ऑटोसेव्ह ठेवणं हा एक मार्ग, पण वीज गेली किंवा ब्राउझर बंद पडला की त्याचा त्रास होतो. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो : परिणाम एवढा उशिरा आणावा की मागे जाऊन बघण्यात अर्थच राहू नये. पेरणीचा परिणाम ऑक्टोबरात दिसणार असेल तर जूनचा सेव्ह उघडून लगेच काहीच कळत नाही. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम' मध्ये तिसरी युक्ती आहे. तिथल्या पांढऱ्या चाचण्या पुढे पुन्हा करता येतात, लाल चाचणी एकदाच मिळते, आणि कुठली कोणती हे आधीच दिसतं. न परतीच्या निवडीला वेगळा रंग देणं विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखं आहे, पण ते क्वचितच कुणी करतं.

२०१८ च्या 'डेट्रॉइट : बिकम ह्यूमन' मध्ये प्रकरण संपलं की सगळ्या वाटांचा नकाशा दिसतो, न घेतलेल्या वाटा कुलूपबंद. मुलांना तो फार आवडतो आणि ते त्याची नक्कल करतात. छोट्या गेममध्ये ती अंगाशी येते : नकाशा दिसला की खेळणारा गोष्ट सोडून चौकोन भरायला लागतो, आणि २५ चौकोनांच्या नकाशात गेम किती लहान आहे तेही उघडं पडतं. नकाशा परीक्षकांना कागदावर द्यावा. गेममध्ये नको.

दुसरी नक्कल संदेशाची. २०१२ च्या 'द वॉकिंग डेड' मध्ये संभाषणानंतर कोपऱ्यात ओळ यायची की अमुक पात्र हे लक्षात ठेवेल. ती ओळ आता कुठल्याही प्रकल्पात दिसते : "आबा हे लक्षात ठेवतील." कोड उघडलं की कळतं, मागे व्हेरिएबलच नाही. डेमोत अशी ओळ आली की तिथेच थांबवा आणि विचारा, हे कुठे साठवलं आणि पुढे कुठे वाचलं? पहिल्या अर्ध्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं, दुसऱ्याचं नाही.

शेवटांचंच बोलायचं तर 'मास इफेक्ट ३' विसरता येत नाही. तीन गेमभर खेळणाऱ्यांनी निर्णय घेत आणले होते, आणि २०१२ च्या मार्चमध्ये आलेल्या तिसऱ्या गेमचा शेवट त्या निर्णयांची पुरेशी दखल घेत नाही म्हणून मोठा गदारोळ झाला. कंपनीने जूनमध्ये वाढीव शेवट फुकट दिला, त्यात पात्रांचं आणि जगाचं पुढे काय झालं याची दृश्यं वाढवली. तक्रार शेवट कमी पडले अशी नव्हती. शेवटाला आधीचं आठवत नव्हतं अशी होती.

हे टाळायची पद्धत साधी आहे. शेवटचा प्रसंग एकच लिहावा, पण पाच परिच्छेदांत तोडून. घराचा, शेताचा, आबांचा, कर्जाचा, शेजाऱ्याचा. चार परिच्छेदांच्या प्रत्येकी दोन आवृत्त्या आणि कर्जाच्या तीन. लिहायचे परिच्छेद ११, ८० शब्दांचा एक धरला तर ८८० शब्द. जोड्या होतात ४८. आता तुमच्या प्रश्नाला मुलाने काय उत्तर द्यावं? एक म्हटलं तरी खरं, अठ्ठेचाळीस म्हटलं तरी खरं. इथे एक काळजी घ्यावी लागते : प्रत्येक परिच्छेद आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. "त्यामुळे", "तरीसुद्धा", "तोही" असे मागच्याला बांधलेले शब्द सुरुवातीला आले की काही जोड्या वेड्यावाकड्या वाचल्या जातात.

दर निवडीला परिणाम हवाच, असंही नाही. आईला काय हाक मारायची, बैलाचं नाव काय ठेवायचं, मुकादमाला उलट बोलायचं की मान खाली घालून ऐकायचं. यातून पुढे काही घडलं नाही तरी खेळणारा स्वतःचं पात्र घडवत असतो. त्याला पोकळ म्हणू नये. पोकळ ती, जी मोठेपणाचा आव आणते. संगीत थांबतं, पडदा काळा होतो, दोन पर्याय झळकतात आणि दोन्हींनंतर तीच ओळ येते.

आता थोडं मराठीचं, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे सापडत नाही. खेळणाऱ्याला मुलगा की मुलगी निवडू दिलं की "तू पोहोचलास", "तू पोहोचलीस", "तू बघतोस", "तू बघतेस" असं वाक्यावाक्याला फुटायला लागतं. कर्मानुसार चालणाऱ्या वाक्यांत ही अडचण येत नाही. "तू पेरणी केलीस" दोघांनाही चालतं. सरळ उपाय म्हणजे निवेदन "तुम्ही" मध्ये लिहायचं : "तुम्ही पोहोचलात", "तुम्ही बघता". तरी "थकलेले" आणि "थकलेल्या" मध्ये गाडी अडतेच, म्हणून अशी विशेषणं टाळायची. पर्यायांची बटणं आज्ञार्थात लिहावीत : "आबांना विचारा", "विहिरीकडे जा". किंवा मुख्य पात्र ठरलेलंच ठेवावं आणि त्याची गोष्ट नीट सांगावी. तेही तितकंच चांगलं.

युनिटी या गेम-इंजिनात अक्षरं दाखवायला टेक्स्टमेशप्रो वापरलं तर देवनागरी आपोआप नीट जुळत नाही : ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसायच्या ऐवजी नंतर पडते, जोडाक्षरं सुटी होतात. ट्विनचा गेम ही एचटीएमएल फाईल असते, अक्षरं ब्राउझर जुळवतो, म्हणून तिथे ही अडचण नाही. टाइपरायटरसारखा एकेक चिन्ह उमटवणारा परिणाम मुलांना फार आवडतो, त्यात "क्षेत्र" आधी "क", मग "क्", मग "क्ष" असा थरथरत उमटतो. शब्दाशब्दाने दाखवलं की प्रश्न मिटतो. व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांत ठेवलेली बरी. आणि जाता जाता : पात्र मराठवाड्यातलं असेल तर ते मराठवाड्यासारखंच बोलणार. "वलं" ला लाल शाईने "ओलं" करून मार्क कापू नयेत, ही विनंती.

साधनांच्या खोडी परीक्षकांना माहीत असल्या तर तपासणं सोपं जातं. ट्विनचे हार्लो आणि शुगरक्यूब हे दोन्ही फॉरमॅट बाजूला मागे जायचा बाण आपोआप देतात. रेनपाय या दुसऱ्या कथागेम-साधनात माउसचं चाक फिरवलं की रोलबॅक होऊन निवडीच्या आधी जाता येतं. दोन्ही बंद करता येतात, पण ते बंद करायचं की नाही हा विचार गटाने केलाय का, ते विचारा. इंक या कथागेम लिहायच्या भाषेत प्रत्येक नॉट, म्हणजे नाव दिलेला मजकुराचा तुकडा, किती वेळा पाहिला गेला ते आपोआप मोजलं जातं, त्यामुळे निम्मी व्हेरिएबल लागतच नाहीत. पण तिथे तारांकित पर्याय एकदाच दिसतो. खेळणारा त्याच ठिकाणी फिरून आला आणि सगळे पर्याय वापरून झाले असले की पुढे मजकूरच नाही, आणि गेम थांबतो. तिथे अधिकचिन्हाचा कायम राहणारा पर्याय किंवा आपोआप पुढे नेणारी पडती वाट लागते. ट्विनची ब्राउझरमधली आवृत्ती गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात ठेवते. लॅबमधल्या संगणकाचा ब्राउझर कुणी साफ केला की महिनाभराचं लिखाण गेलं. आठवड्याला एकदा फाईल काढून ठेवायला सांगा.

डेमोला वीस मिनिटं असतील तर आमची सुचवण अशी. विद्यार्थ्याच्या हातून माउस घ्या. तो खेळून दाखवतो ती वाट तालमीतली असते. आठ मिनिटं स्वतः खेळा. मग पहिल्या मोठ्या निवडीवर परत जा, तेवढंच उत्तर बदला, बाकी सगळी उत्तरं तीच ठेवा, आणि पुढे कुठली वाक्यं, कुठले पर्याय बदलले ते मोजा. दोन-तीन उत्तरं एकदम बदललीत तर कशामुळे काय बदललं ते कळणार नाही. काहीच बदललं नाही तर बारा शेवटांना अर्थ नाही. त्यानंतर शेवटाजवळच्या एखाद्या प्रसंगापासून, हाताने व्हेरिएबल भरून गेम सुरू करून दाखवायला सांगा. अशी सोय केलेली नसेल तर उशिराच्या वाटा गटाने नीट तपासलेल्या असणं कठीण, कारण दर वेळी सुरुवातीपासून खेळत तिथे पोहोचायला कुणालाच वेळ नसतो.

उरलेल्या वेळात व्हेरिएबलची यादी मागा, तीन रकान्यांची : नाव, कुठे बदलतं, कुठे वाचलं जातं. तिसरा रकाना रिकामा असलेलं व्हेरिएबल शोभेचं. अटींवरही नजर टाका. आबांचा विश्वास जास्तीत जास्त ३ होऊ शकतो आणि एका प्रसंगाची अट ४ असेल, तर तो प्रसंग कुणालाच, कधीच दिसणार नाही. लिहिणाऱ्याने मध्येच एक प्रसंग काढून टाकला आणि अट बदलायची राहिली, की असं होतं. हा खरा हुकलेला मजकूर, आणि शेवटांच्या आकड्यात तो बिनदिक्कत मोजलेला असतो.

सिनॉप्सिस मंजूर करतानाच शब्दांचं बजेट मागावं. चार जणांच्या गटाला एका सत्रात ८ ते १० हजार शब्द, मोठ्या निवडी तीन, लहान दहा-बारा, शेवटचा प्रसंग एक पण वर सांगितला तसा तुकड्यांचा. एवढं पुरे होतं. त्यात तपासायलाही वेळ उरतो. एखादा गट वीस शेवटांचं वचन देत असेल तर त्याला पॅसेजची संख्या काढून आणायला सांगा. बहुतेक वेळा गट स्वतःच आकडा कमी करून येईल.

आणि विभागाच्या सूचनाफलकावर प्रकल्पाच्या अटी लागतील तेव्हा त्यात "किमान पाच शेवट असावेत" अशी ओळ असेल तर ती काढून तिच्या जागी ही घालावी : प्रत्येक मोठी निवड पुढे किमान दोन वेगळ्या प्रसंगांत वाचली गेली पाहिजे, आणि ते प्रसंग कोणते हे अहवालात नमूद असावं.

आपले,
कथागेम लिहिणारे आणि तपासणारे काही जण